वारसा आणि वस्ती

प्रस्तावना

आमच्या देगलूरकडे शौचातून रक्त पडलं की त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं, मूळव्याध. माणूस पंचविशीतला असो की साठीतला, रक्त लाल असो की काळपट, अंगावरचे कपडे सैल व्हायला लागलेले असोत की नसोत, नाव तेच. मग कुणी सुरणाची भाजी सांगतं, कुणी ताक, कुणी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या वैद्याची पुडी. माझ्या मामांना रक्त पडू लागलं तेव्हा ते ४४ वर्षांचे होते आणि दिवस पेरणीचे होते. तिखट फार होतं, उन्हात राबणं झालं, ट्रॅक्टरवर बसून बसून उष्णता वाढली, अशी कारणं घरातल्या घरातच तयार होती. १४ महिने पुड्या आणि मलमं झाली. मध्ये एका दवाखान्यातही जाऊन आले. तिथे पोट न चाचपता, बोट घालून न बघता मूळव्याधीच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी हैदराबादला दुर्बिणीची तपासणी झाली, तोवर आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचलेली होती.

मामांच्या तेराव्याला बायका मागच्या पडवीत बसून बोलत होत्या. आजीचा विषय निघाला. आजीच्याही पोटात गोळा होता आणि ती पन्नाशीतच गेली, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मग मावशीचं नाव आलं. ती ४९ व्या वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली होती. मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो. मेंडेलच्या वाटाण्यांचे तक्ते फळ्यावर काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली होती. आपल्याच घरच्या माणसांचा तक्ता मी त्या रात्री पहिल्यांदा काढला. आजी, मामा, मावशी: तीन चौकटी भरल्या तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं.

या पुस्तकाची सुरुवात त्या कागदापासून झाली.

मोठं आतडं आणि गुदाशय यांचा कर्करोग हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही दोनच बाजू मी धरल्या आहेत. आई-बापाकडून जनुकांतून जे येतं तो वारसा. आणि जन्मानंतर आतड्यात जे येऊन राहतं ती जिवाणूंची वस्ती. आपल्या शरीरात जिवाणूंची संख्या साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतकीच असते. दहापट असते, असं मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. २०१६ साली इस्रायलमधल्या रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्यानं मोजदाद केली आणि तो आकडा दुरुस्त झाला. त्यांच्या हिशेबानं हे जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आहेत, त्यांचं सगळं मिळून वजन पाव किलोहूनही कमी, आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्याच्या पाच फुटांत राहतात. त्यांना लागून आतड्याचं अस्तर असतं आणि ते दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. इतक्या झपाट्यानं पेशी बनायच्या म्हणजे डीएनएची नक्कल तितक्याच वेळा व्हायची, आणि नक्कल म्हटली की चुका आल्या. त्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा वारशानं मिळते. चुका वाढवणारे किंवा रोखणारे शेजारी वस्तीत असतात. कर्करोगाची गोष्ट या दोघांच्या मधल्या जागेत घडते.

जगात हा कर्करोग रुग्णसंख्येत तिसरा आणि मृत्यूंत दुसरा आहे. २०२२ या एका वर्षात १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण आणि ९ लाखांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. भारतात त्याचं प्रमाण वयाचा हिशेब जमेस धरून लाखात ५ च्या आसपास आहे. युरोप-अमेरिकेच्या कित्येक भागांत ते ३० च्या वर जातं. हा आकडा वाचून आपल्याकडची बरीच मंडळी निश्चिंत होतात. आजार दुर्मीळ आहे म्हणून त्याचा संशय घेतला जात नाही, आणि संशय घेतला जात नाही म्हणून तो उशिरा सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं २०१७ मध्ये आपल्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हे वय साठीच्या पुढे असतं. पेशीच्या पोटात चिकट द्रव साठून ती अंगठीसारखी दिसते, अशा वेगानं पसरणाऱ्या प्रकाराचं प्रमाणही या रुग्णांत जास्त होतं. इथे एक सावधगिरी हवी. आपली लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे रुग्णांचं सरासरी वय आपोआप खाली येतं; त्यावरून भारतीयांना हा रोग लवकर गाठतो असं सरळ म्हणता येत नाही. पण वॉर्डातल्या खाटेवर पस्तिशीचा माणूस आहे, ही गोष्ट त्यानं बदलत नाही.

वारशाची कथा एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून सुरू होते. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना ती म्हणाली की आपल्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात, आपणही तशाच जाऊ. ती ठणठणीत होती. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिच्या कुळातल्या माणसांची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये ती ‘कुटुंब जी’ या नावानं छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली. मग जवळजवळ अर्धं शतक या कागदाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६० च्या दशकात ओमाहाचे हेन्री लिंच यांनी अशीच आणखी कुटुंबं शोधली, घरोघर फिरून वंशावळी लिहिल्या. कर्करोग आनुवंशिक असू शकतो हे त्या काळी मान्य नव्हतं. त्यांना संशोधनासाठी पैसे मिळेनात. आज त्या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक मुळातच बिघडलेलं असणं हे त्याचं कारण. एमएसएच२ हे जनुक १९९३ साली सापडलं, एमएलएच१ त्याच्या पुढच्या वर्षी. आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कुळातली नेमकी चूक, तीही एमएसएच२ मध्येच, शतक उलटल्यावर २००० साली हाती लागली.

दुसरी शाखा लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातली. तिथे १९२४ च्या सुमारास लॉकहार्ट-ममरी यांनी आतड्यात शेकडो मस उगवणाऱ्या कुटुंबांची नोंदवही सुरू केली. अशा कुटुंबात जन्मलेल्या आणि तो दोष घेतलेल्या मुलाचं आतडं वेळेत काढलं नाही तर चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ असतो. १९९१ मध्ये त्यामागचं एपीसी जनुक सापडलं. त्याआधी एक वर्ष फिअरन आणि फोगेलश्टाइन यांनी साध्या मसापासून कर्करोगापर्यंतचा जनुकीय बिघाडांचा क्रम मांडला होता. घराण्यात असला काही दोष नसलेल्या रुग्णांच्या गाठींतही ५ पैकी ४ वेळा हेच एपीसी जनुक मोडलेलं असतं, हे मग दिसून आलं. वाचकानं हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढे आपण परत इथेच येणार आहोत.

लिंच सिंड्रोम एकूण रुग्णांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास, शेकडो मसांचा आजार १ टक्क्याहून कमी. जुळ्यांच्या २००० सालच्या मोठ्या स्कॅंडिनेव्हियन अभ्यासात या कर्करोगाच्या धोक्यातला साधारण ३५ टक्के वाटा वारशाचा निघाला. म्हणजे एकट्यादुकट्या मोठ्या जनुकापलीकडेही बारीकसारीक वारसा बराच आहे, आणि तरी निम्म्याहून जास्त गोष्ट वारशाबाहेरची आहे.

त्या बाहेरच्या गोष्टीकडे आधी गेले ते डॉक्टर प्रयोगशाळेतले नव्हते. आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट युगांडात वर्षानुवर्षं काम करत होते. तिथल्या खेड्यातल्या माणसांत आतड्याचा कर्करोग जवळजवळ दिसत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि १९७१ मध्ये त्याची सांगड आहारातल्या चोथ्याशी घातली. आपल्याकडे त्याच्याही आधी पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून भारतातल्या पचनमार्गाच्या कर्करोगांचा प्रदेशवार नकाशा मांडला होता. तो १९६७ साली ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुढे १९७७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कर्करोग नोंदणीचा आधार घेऊन चोथा, लाळ आणि आंबवलेलं दूध यांचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध सुचवला. ती नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली सुरू केलेली, देशातली पहिली. मल्होत्रांचं म्हणणं सिद्धान्त म्हणून टिकलं असं नाही. तरी दह्याताकातल्या जिवाणूंचा विचार या रोगाच्या संदर्भात एका भारतीय डॉक्टरनं इतक्या आधी केला होता, आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वस्तीची कथा उशिरा उलगडली, कारण आतड्यातले बहुतेक जिवाणू हवेत मरतात. प्रयोगशाळेतल्या बशीत ते सहजासहजी वाढत नाहीत. हृदयाच्या झडपेला विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग झालेल्या माणसांच्या आतड्यात अनेकदा कर्करोग निघतो, हे १९७७ पर्यंत डॉक्टरांच्या ध्यानात आलेलं होतं. पण खरी दारं उघडली ती डीएनए वाचण्याचं तंत्र स्वस्त झाल्यावर. २०१२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन स्वतंत्र गटांना आतड्याच्या गाठींत फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू भरपूर सापडला. हा मूळचा तोंडातला रहिवासी, हिरड्यांच्या आजारात आढळणारा. २०१७ मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठीतही जिवंत मिळाला. म्हणजे मूळ गाठ गाव सोडून गेली तेव्हा तिनं त्याला बरोबर नेलं होतं. आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटाला तोच जिवाणू जिभेच्या कर्करोगात सापडला आहे.

इथूनच या क्षेत्रातला मोठा वाद सुरू होतो. घर पेटलेलं असताना अंगणात उभा असलेला माणूस आग लावणारा, की आग बघायला आलेला? गाठ उगवल्यावर तिथलं रक्त, तिथली कमी हवा, तिथलं अन्न काही जिवाणूंना मानवतं आणि ते नंतर येऊन बसतात, असं एक घराणं म्हणतं. दुसरं म्हणतं की काही जिवाणू आधी येऊन सुरुवात करून देतात आणि नंतर स्वतः निघून जातात, त्यामुळे गाठीत शोधून ते मिळतच नाहीत. मला दुसऱ्या घराण्याचं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याचं कारण ई. कोलाय या अगदी ओळखीच्या जिवाणूत आहे.

ई. कोलायच्या काही वाणांकडे कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवण्याची सामग्री असते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये ती ओळखली. हे विष डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांत गुंतवून टाकतं. २०२० साली नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं माणसाच्या आतड्याच्या पेशींचे बारीक गोळे बशीत वाढवले, त्यांच्या आत हा जिवाणू पाच महिने पुन्हा पुन्हा सोडला आणि डीएनएवर उमटणारा जखमेचा वण वाचला. तो वण अगदी वेगळा ओळखू येतो, आणि तोच खऱ्या रुग्णांच्या गाठींतही मिळाला. जिवाणू केव्हाच गेलेला असो, त्याच्या बोटांचे ठसे राहतात. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले. चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा होता, आणि तो बहुधा आयुष्याच्या पहिल्या दशकातच उमटलेला असावा असं संशोधकांचं अनुमान आहे. या विषाचे घाव ज्या जनुकांवर पडलेले आढळले त्यांत एपीसीही आहे.

म्हणजे एका घरात जे जनुक आईच्या किंवा बापाच्या बाजूनं मोडूनच येतं, तेच दुसऱ्या घरातल्या निरोगी लेकराच्या पोटात जिवाणू मोडू शकतो. वारसा आणि वस्ती या दोन वाटा एका दारापाशी येऊन मिळतात. हे पुस्तक लिहावं असं मला वाटलं ते हे समजलं त्या दिवशी.

दोन्ही वाटा एकाच माणसात आल्या तर काय होतं, याचाही शोध सुरू आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या सिंथिया सीअर्स यांच्या गटानं शेकडो मसांचा आनुवंशिक आजार असलेल्यांची काढून टाकलेली आतडी तपासली. अस्तराला चिकटलेल्या जिवाणूंच्या थरांत कोलिबॅक्टिनवाला ई. कोलाय आणि विष सोडणारा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हे दोघं जोडीनं सापडले. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरांना हे दोन जिवाणू एकत्र दिल्यावर गाठी लवकर आल्या आणि उंदीर लवकर मेले. याउलट लिंचसारखा दोष असलेल्या उंदरांत टोरांटोच्या संशोधकांना २०१४ साली असं दिसलं की चोथ्यापासून जिवाणू बनवतात ते ब्युटिरेट हे आम्ल, एरवी आतड्याला हितकर, तिथे मसांना बळ देत होतं. हे वाचून मी भाकरीकडे संशयानं पाहू लागलो होतो. पण ब्रिटनच्या जॉन बर्न यांच्या चाचणीत लिंच सिंड्रोम असलेल्या माणसांना न पचणारं पिष्ट देऊन वर्षानुवर्षं पाहिलं गेलं आणि त्यांच्यात आतड्याचा कर्करोग वाढला नाही. उंदरात दिसलेलं माणसात दिसेलच असं नाही, ही शिस्त या पुस्तकात मी पाळली आहे.

आता आपल्या मुलखाकडे. वर सांगितलेल्या त्या ११ देशांत भारत नाही. आतड्यातल्या भारतीय वस्तीवर पुण्यात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं काम केलं. आपल्याकडे प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचं प्राबल्य आहे हे त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. धान्य-डाळींवर जगणाऱ्या पोटात प्रिव्होटेला जास्त असतो. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या विनीत शर्मा यांच्या गटानं २०१९ साली भोपाळ आणि केरळातले ३० रुग्ण आणि ३० निरोगी माणसं तपासली. रुग्णांत फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटाय हा जिवाणू ठळकपणे पुढे आला. भाज्या, फळं, चहा यांतली फ्लॅव्होनॉइड द्रव्यं तो फोडून टाकतो. परदेशी रुग्णांत जे जिवाणू ठळक होते त्यांच्यापेक्षा हे चित्र वेगळं होतं. ६० माणसांवरून देशाचा निकाल लावता येत नाही. पण दुसऱ्यांच्या पोटावरून आपल्या पोटाची यादी करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि आपलं पोट बदलतं आहे. माझ्या लहानपणी नांदेड-लातूरच्या शिवारात ज्वारी होती. घरात सकाळ-संध्याकाळ भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, सणालाच पोळी. आज त्याच शिवारात नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे, ते कारखान्याला जातं, आणि ताटात रेशनचा तांदूळ-गहू व दुकानातलं पाकीट येतं. या बदलाचा आतड्यावर काय परिणाम झाला हे मोजणारं काम माझ्या वाचनात आलेलं नाही. परिणाम किती लवकर होऊ शकतो याचा अंदाज मात्र २०१५ च्या एका प्रयोगावरून येतो. स्टीफन ओकीफ यांनी पिट्सबर्गमधल्या २० आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या २० माणसांचं जेवण दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केलं. दोनच आठवड्यांत जिवाणूंचं काम आणि अस्तराचा दाह, दोन्ही उलटसुलट झाले. कर्करोग दोन आठवड्यांत होत नाही की जात नाही. पण जमीन एवढ्या लवकर हलते.

वारशाच्या बाजूनं देगलूरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आमचा तालुका तीन राज्यांच्या तिठ्यावर आहे. एक लेक मदनूरला दिलेली, एक औराद-बिदरकडे, एक उदगीरला. घरात मराठी, शेतात तेलुगू, बाजारात उर्दू आणि कन्नड. माणूस आजारी पडला तर कुणी ८० किलोमीटरवरच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात जातो, कुणी निजामाबादला, कुणी बिदरला, ज्याची ऐपत किंवा ओळख आहे तो हैदराबाद-मुंबईला. एका आजीची चार नातवंडं चार ठिकाणी मरतात आणि त्यांचे कागद कधीच एका टेबलावर येत नाहीत. त्यात आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. २००२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ओळखलेला एमयूटीवायएच नावाच्या जनुकाचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मसांचा आजार देतो. आई-बाप दोघंही धडधाकट, मागच्या पिढीत कुणी आजारी नाही, आणि मुलगा पंचेचाळिशीत आतड्याच्या गाठीनं आडवा पडतो. नात्यात लग्न असेल तर अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. या रीतीवर निवाडा देणं हे माझं काम नाही. ती आहे, आणि डॉक्टरनं रुग्णाला त्याबद्दल विचारलं पाहिजे.

विचारण्यानं काय होतं, याचा पुरावा आपल्याच शेजारी आहे. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर मराठवाड्यातले परांडा आणि भूम हे तालुके तिच्यात आले, साडेतीनशेच्या आसपास खेडी. कस्तुरी जयंत आणि भगवान नेने तिच्यामागे होते. रुग्ण दवाखान्यात येत नाहीत हे पाहून नोंदणीचीच माणसं गावोगाव फिरली, पारावर बसली, कोणत्या लक्षणांना घाबरायचं ते सांगितलं, कुणाला तसं काही होतंय का ते विचारलं. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यावर येऊ लागल्या. त्याची नोंद १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात झाली. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. पुढे त्याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची मोठी चाचणी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीनं त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळलं ते मराठवाड्याच्या बायकांमुळे. आतड्याच्या कर्करोगासाठी असं कुणी गावोगाव फिरलेलं नाही. प्रमाण कमी असल्यामुळे सरसकट सगळ्यांच्या दुर्बिणीच्या तपासण्या आपल्याला परवडणार नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणूनच कुणाला विचारायचं हे ठरवण्यासाठी घराण्याची माहिती लागते.

आणि आता विचारून उपयोगही आहे. काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर चूकदुरुस्तीच्या चार प्रथिनांची रंगचाचणी बहुतेक मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. तिच्यावरून लिंच सिंड्रोमचा संशय बळावतो किंवा फिटतो. खारघरला राजीव सरीन यांनी उभारलेल्या कर्करोग-जनुकशास्त्र विभागात अशा कुटुंबांना समुपदेशन आणि तपासणी मिळते. दोष असलेल्या माणसाची विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीनं तपासणी केली तर मस कर्करोग होण्याआधी काढता येतात. बर्न यांच्याच चाचणीत लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांपैकी ज्यांना ॲस्पिरिन दिली गेली त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत आतड्याचा कर्करोग १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. (कुणीही हे वाचून आपल्या मनानं गोळी सुरू करू नये, ॲस्पिरिननं पोटात रक्तस्राव होतो.) २०२२ मध्ये न्यूयॉर्कला चूकदुरुस्तीचा असाच दोष असलेली गुदाशयाची गाठ झालेल्या पहिल्या १२ रुग्णांची गाठ फक्त प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधानं, शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली. ते औषध आज आमच्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे.

आमच्या घरात मामांच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा रुग्णालयानं ठेवला होता, म्हणून तपासणी होऊ शकली. एमएसएच२ चं प्रथिन त्यात नव्हतं. माझ्या आईत तो दोष निघाला नाही. मामेभावात निघाला. ३१ व्या वर्षी त्याच्या आतड्यातून एक मस काढला. तो आज शेती करतो आणि दरवर्षी तपासणीला जातो.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. विष्ठा पाठवा, वस्तीचा अहवाल घ्या, अशा जाहिराती आता तालुक्यापर्यंत आल्या आहेत. त्या अहवालावरून एका माणसाला कर्करोग होईल की नाही हे आज सांगता येत नाही, आणि या पुस्तकात त्यांची शिफारस नाही. ताक पिऊन कर्करोग टळतो असंही यात कुठे नाही. औषधाचे डोस नाहीत. जिथे संशोधकांत एकमत नाही तिथे मी दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि माझा कल कुठे आहे हे उघड सांगितलं आहे.

लिहिताना सगळ्यात जड गेली ती भाषा. ‘उत्परिवर्तन’ हा शब्द मी वर्गात हजारदा उच्चारला होता. मामीला समजावताना तो तोंडातून निघेना. तिला मी ‘नक्कल करताना राहिलेली चूक’ म्हणालो. तिनं लगेच विचारलं, मग चूक कुणाची? त्या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही. कुणाचीच नाही, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि या पुस्तकाचा अर्धा भाग तेच नीट सांगण्यात गेला आहे. आमच्याकडे घराण्यात कर्करोग आहे हे कळलं तर लेकीचं लग्न मोडतं, या भीतीनं माणसं आजोबांचा आजार नातवापासून लपवतात. ही भीती खरी आहे. तिला मी नावं ठेवत नाही, पण तिच्यामुळे गेलेली माणसं मी मोजली आहेत.

पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी ठेवली आहेत, रेघा आखलेली. वाचायला सुरुवात करण्याआधी ती उघडा. आई आणि वडील दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहा: आजी-आजोबा, त्यांची मुलं, तुमची भावंडं, मावस-मामे-चुलत-आते सगळी. नावापुढे कोणता आजार झाला आणि कोणत्या वर्षी, एवढंच. गर्भाशयाचा कर्करोगही लिहा. ‘पोटात गोळा’ एवढंच माहीत असेल तर तेवढंच लिहा. मदनूरच्या आत्याला आणि बिदरच्या मामाला फोन करा. जुन्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांना आठवतात, आणि ती माणसं थोडीच वर्षं आपल्यात आहेत. लिहून झाल्यावर पानं फाडून घ्या आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा सोबत न्या. शौचातून रक्त पडत असेल तर मात्र पानं भरायची वाट पाहू नका, आधी तपासणी करून घ्या.

देगलूर